वेळासचा कित्ता नदीत चालत नाही

देवळात गाभाऱ्यासमोर जे दगडी कासव असतं, त्यानं आपल्या डोक्यात कासवाचं चित्र पक्कं करून टाकलंय: घुमटासारखी टणक पाठ, धोका दिसला की डोकं-पाय आत, आणि चाल अशी की ससा खुशाल झोप काढून येईल. लीथचं मऊ पाठीचं कासव या चित्रात कुठेच बसत नाही. त्याची पाठ परातीसारखी चपटी. तिच्यावर खवल्यांचे चौकोन नाहीत. हाडाच्या तबकडीवर ओली कातडी ताणून बसवावी तशी ती दिसते आणि कडेची किनार बोटानं दाबली तर वाकते. पाण्यात ते झपाट्यानं पोहतं, काठावर गाठलं तर पळतंही. लांब मान, तिच्या टोकाला निमुळतं डोकं, आणि नाक म्हणजे पुढे काढलेली छोटी नळी. उथळ पाण्यात तळाच्या वाळूत अंग पुरून घ्यायचं आणि मान लांबवून फक्त ती नळी पाण्याबाहेर काढायची, ही त्याची श्वास घ्यायची तऱ्हा. घशाच्या अस्तरातून आणि कातडीतूनही मऊ पाठीची कासवं पाण्यातला थोडा प्राणवायू घेतात. पिल्लू असताना करड्या-हिरवट पाठीवर डोळ्यांसारखे चार-सहा ठळक ठिपके असतात. वय वाढतं तसे ते पुसट होत जातात. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ साठ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते.

ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा नमुन्याचं ठिकाण म्हणून पुण्याची नोंद झाली. नाव दिलं ते मुंबईत आरोग्य आयोगावर काम करणाऱ्या डॉ. अँड्र्यू लीथ यांचं. शास्त्राच्या दप्तरात तरी हे कासव पुणेकर आहे. जगात ते फक्त भारताच्या द्वीपकल्पात सापडतं. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी ही त्याची मुख्य खोरी. भीमा आणि घटप्रभा त्यातच आल्या. गाळातले शिंपले, खेकडे, मासे, डासांच्या अळ्या, पाणवनस्पती असं जे मिळेल ते खातं.

२०२१ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते ‘अतिसंकटग्रस्त’ ठरलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पनामाला वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या साइटीस कराराची परिषद झाली, तिथे भारतानंच प्रस्ताव मांडून ते परिशिष्ट दोनमधून परिशिष्ट एकमध्ये नेलं. म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी. त्या वेळी सरकारनं दिलेला अंदाज असा की गेल्या तीस वर्षांत या कासवांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. गंमत अशी की तोवर आपल्याच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव कमी संरक्षणाच्या चौथ्या अनुसूचीत होतं, आणि त्याच्याहून कितीतरी पटींनी जास्त दिसणारं, तळ्या-शेततळ्यांतलं झापड्या पायांचं छोटं कासव सगळ्यात कडक अशा पहिल्या अनुसूचीत. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूचींची फेरमांडणी झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागूही झाली. कागदावर जे करायचं ते बऱ्यापैकी झालंय. प्रश्न आता कागदाबाहेरचा आहे.

महाराष्ट्रात ‘कासव वाचवायचं’ म्हटलं की एकच नमुना डोळ्यांसमोर येतो: वेळास. मंडणगड तालुक्यातल्या या गावात २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, अंडी कुंपणात हलवली, पिल्लं समुद्रात सोडली. कोकणात हे काम पुढे किनारपट्टीभर पसरलं, कासव महोत्सव सुरू झाला, गावाला पर्यटनाचे चार पैसे मिळाले. त्या कामाबद्दल आदरच आहे. पण त्या यशामुळे कासव वाचवणं म्हणजे अंडी गोळा करणं, पिल्लं सोडणं आणि फोटो काढणं असं समीकरण होऊन बसलंय, आणि आता तेच नद्यांवर आणायची भाषा ऐकू येते. हे समीकरण नदीत चुकीचं आहे. लीथच्या कासवाला अंड्यांच्या कुंपणाआधी दोन गोष्टी हव्या आहेत: मोठी कासवं जाळ्या-गळांतून जिवंत सुटणं, आणि अंडी घालायला काठ शिल्लक असणं. या दोन नसतील तर अंडी उबवणं म्हणजे तळ फुटलेल्या हंड्यात पाणी भरणं.

फरक साधा आहे. ऑलिव्ह रिडलेची मादी ठरावीक हंगामात, ठरावीक किनाऱ्यावर येते, वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी माग काढत जाते आणि एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. पहाटे किनाऱ्यावर फेरी मारणाऱ्याला तो माग दिसतोच. किनारा हलत नाही, तो कोणी ट्रकमध्ये भरून सहसा नेत नाही, आणि अंडी चोरीला जाणं ही तिथली मुख्य अडचण होती. म्हणून अंडी राखली की काम होण्यासारखं होतं. नदीतल्या मऊ पाठीच्या कासवाची घरटी विखुरलेली. एक इथे, दुसरं दोन मैलांवर, कधी वाळूत तर कधी भुसभुशीत पोयट्यात. माग काठावरच्या शेळ्या-म्हशींच्या खुरांत हरवतो. आणि मुळात अंडी घालणारी मादी उरलीय का, हाच प्रश्न.

इथे थोडं गणित पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कासव उशिरा वयात येतं, दीर्घकाळ जगतं आणि वर्षानुवर्षं अंडी घालतं. त्या अंड्यांतली बहुतेक घोरपड, मुंगूस, कोल्हा, कुत्रा नाहीतर पाणी खातं. पिल्लांतली बहुतेक मासे आणि बगळे खातात. एका मादीनं आयुष्यभर घातलेल्या अंड्यांतून दोन पिल्लं मोठी झाली तरी संख्या टिकते. निसर्गानं हिशेब असा मांडलाय की अंडी स्वस्त आणि मोठी मादी फार महाग. अमेरिकेत १९८७ साली समुद्रातल्या लॉगरहेड कासवांच्या संख्येचं गणित मांडलं गेलं, तेव्हा दिसलं की सगळी अंडी आणि पिल्लं वाचवली तरी घसरण थांबत नाही; थांबते ती वाढती नि मोठी कासवं जाळ्यांतून सुटली तर. कोळंबीच्या जाळ्यांना कासवासाठी सुटकेची झडप बसवण्यामागे हाच विचार होता. मिशिगनमधल्या गोड्या पाण्यातल्या ब्लँडिंग कासवांचा प्रदीर्घ अभ्यास १९९३ मध्ये छापला गेला, त्याचाही निष्कर्ष तोच: मोठ्या कासवांचं मरण थोडं जरी वाढलं तरी ते भरून काढण्याची ताकद या प्राण्यांत नाही.

आपल्याकडचा धडा वाराणसीचा आहे. गंगा कृती योजनेत अर्धवट जळलेली प्रेतं खायला मऊ पाठीची कासवं सोडायची टूम निघाली. हजारो पिल्लं वाढवून सोडली गेली. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ मध्ये कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२० मध्ये ते अभयारण्यच रद्द झालं. सोडलेल्या पिल्लांची संख्या हा यशाचा आकडा नव्हे, हे तिथे तीस वर्षांत कळायला हवं होतं. पिल्लू सोडल्यावर पुढची कित्येक वर्षं ते कुठल्या पाण्यात, कुठल्या जाळ्यांमधून वाढणार आहे, ते आधी पाहायचं असतं.

मोठी कासवं मरतात कशी? काही मांसासाठी मारली जातात. दुसरं कारण मऊ किनार. त्या किनारीतलं कुर्चेसारखं ऊतक उकळून, सुकवून पूर्व आशियाकडे चोरट्या वाटेनं जातं. त्याचं वजन कमी, किंमत जास्त, म्हणून जिवंत कासव नेण्यापेक्षा ते नेणं सोपं. या व्यापारावर पोलीस आणि वनखात्याची कारवाई होते, व्हायलाच हवी. पण मासेमारीत नकळत होणारं मरण कुठल्याच गुन्ह्याच्या नोंदीत येत नाही, आणि त्याकडे कुणाचं लक्षही नाही.

रात्री लावून सकाळी काढायच्या जाळ्यात कासव अडकलं की ते वर येऊ शकत नाही. कातडीतून मिळणारा प्राणवायू धडपडणाऱ्या मोठ्या अंगाला पुरत नाही. पाणी जितकं कोमट, तितकं ते लवकर बुडतं. म्हणून एप्रिल-मेच्या धरणाच्या फुगवट्यात रात्रभर लावलेलं जाळं फेब्रुवारीतल्यापेक्षा जास्त घातक. उपाय अवघड नाही. उन्हाळ्यात जाळं दर दोन-तीन तासांनी तपासायचं. सापळ्यासारखं पिशवीचं जाळं असेल तर त्याच्या शेवटच्या कप्प्यात झाकण बंद केलेल्या एक-दोन रिकाम्या बाटल्या अडकवायच्या, म्हणजे जाळ्याचा तेवढा भाग पाण्यावर तरंगतो आणि आत सापडलेल्या कासवाला श्वास घ्यायला जागा राहते. परदेशांत अशा जाळ्यांना तरंग लावून कासवांचं बुडणं कमी केल्याचे दाखले आहेत. बाटलीला खर्च शून्य.

गळाचं काम जास्त किचकट. एका लांब दोरीला बरेच गळ लावून रात्रभर सोडले की मऊ पाठीचं कासव आमिष गिळतं आणि गळ घशात किंवा त्याही खाली बसतो. अशा वेळी दोरी ओढायची नाही. ओढल्यानं अन्ननलिका फाटते, आणि कासव पाण्यात सोडल्यावर पोहत निघून गेलं तरी नंतर मरतं. प्राण्यांच्या डॉक्टरपर्यंत न्यायची सोय असेल तर हातभर दोरी बाहेर ठेवून कापायची. डॉक्टरला गळ शोधायला आणि एक्स-रे पाहताना तिचा उपयोग होतो. सोय नसेल तर दोरी तोंडाशी जितकी जवळून कापता येईल तितकी कापायची, कारण गिळलेली लांब दोरी आतड्याला गाठी पाडते. गळाहूनही ती दोरी जीव घेते. कासव उचलायचं ते दोन्ही हातांनी, पाठीच्या मागच्या भागाला धरून. पुढून किंवा मधून धरलं तर मान वळून हातापर्यंत पोचते, आणि चावा साधासुधा नसतो. शेपटी धरून उलटं लटकवायचं तर अजिबात नाही.

हे सगळं मच्छीमाराला सांगायचं कोणी? आणि त्यानं ऐकायचं का? इथे आपली व्यवस्था स्वतःच्याच पायात पाय घालते. कायदा कडक झाला, जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आली. त्यामुळे जाळ्यात कासव सापडलेल्या भोयाला फोन करण्यापेक्षा ते गुपचूप पाण्यात ढकलणं किंवा मेलं असेल तर पुरून टाकणं सोयीचं वाटतं. फोन केला तर जबाब, पंचनामा, दोन दिवसांचा खाडा. तस्करासाठी लिहिलेली शिक्षा नकळत कासव सापडलेल्याच्याही डोक्यावर टांगलेली राहते, आणि नोंद मिळत नाही. धरणाच्या पाण्यात मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. त्या कराराच्या कागदातच चार ओळी हव्यात: जाळ्यात कासव सापडलं तर जागीच सोडायचं, सोडताना वरून आणि डोक्याचा बाजूनं असे दोन फोटो काढायचे, तारीख आणि जागा संस्थेच्या वहीत लिहायची, अशी नोंद करणाऱ्यावर कारवाई होणार नाही. संस्थेला नोंदीमागे थोडं मानधन द्यावं. खरं तर अभ्यासकाच्या एका मोहिमेपेक्षा अशा वहीतून पाच वर्षांत जास्त कळेल.

फोटो का, तर ओळख पटावी म्हणून. झापड्या पायांचं सामान्य कासव उलटं केलं की मागच्या पायांवर झाकणासारखी कातडी दिसते, पाय आत गेले की ती मिटते. लीथच्या कासवाला ती नसते. सामान्य कासव लहानच राहतं, फूटभरापर्यंत. लीथच्या कासवाच्या हिरवट डोक्यावर दोन्ही डोळ्यांच्या मधून मानेकडे जाणारी काळी रेघ असते. चूक होते ती पिल्लांत आणि म्हाताऱ्या, ठिपके पुसलेल्या कासवांत, म्हणून डोक्याचा फोटो हवाच.

आता काठाकडे येऊ, कारण या लेखाचा मुख्य वाद तिथेच आहे. गंगेच्या मैदानात वाळू मैलोन्‌मैल पसरलेली असते. दख्खनच्या नद्या काळ्या खडकावरून वाहतात. इथे वाळू थोडी, ती वळणावर, संगमावर, बेटाच्या शेपटाला साठते; खाली दोन-तीन मीटरवर खडक लागतो. वर उजनी आणि जायकवाडीसारखी मोठी धरणं. नवी वाळू येणार ती त्यांच्या भिंतीमागे अडते. म्हणून एकदा उचललेला काठ पुढच्या पुरात परत भरून येईल हा हिशेब धरणाखाली फसतो.

कासवाला लागणारा काठ किती लहान असतो ते मोजून पाहावं. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि मीटरभर जाड वाळू. हे झाले २०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे तो आख्खा काठ साधारण ७० ब्रासचा. पाच ब्रास नेणाऱ्या हायवा डंपरच्या चौदा खेपा. पोकलेन लावला तर एका रात्रीत संपतो, सक्शन बोट असेल तर त्याच्या बाजूचा डोहही खणला जातो. २०२३ च्या वाळू धोरणात सरकारी डेपोवरचा दर ६०० रुपये ब्रास होता. त्या दरानं काठाची किंमत ४२ हजार रुपये, वाहतूक वेगळी. बऱ्या मोबाइलच्या किमतीत नदीच्या एका वळणावरची कासवांची सगळी पिढी निकालात निघते.

उपशानंतर काय बिघडतं तेही नेमकं आहे. काठाचा उतार जातो आणि उभी कड उरते. मादीला चढता येत नाही. चढलीच तर वर उरलेला थर पातळ असतो, खड्डा पुरेसा खोल होत नाही, अंडी उन्हानं तापतात किंवा पहिल्याच कुत्र्याला सापडतात. मधेच खणलेले खड्डे पाण्यानं भरतात, त्यांच्या शेजारची वाळू खालून ओली राहते, आणि ओल्या वाळूत अंडं गुदमरतं. मऊ पाठीच्या कासवाचं अंडं गोल, टणक कवचाचं असतं, पण त्या कवचातून हवा आत-बाहेर व्हावी लागते; पाण्यात बुडालेलं अंडं काही तासांत नाही तर दिवसांत मरतं.

वाळूमाफिया हा सोयीचा खलनायक आहे, म्हणून एवढ्यावर थांबणं बरोबर नाही. काठ पाण्याखाली घालणारे आपणही आहोत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, ते पुढच्या पावसाच्या तोंडाशी काढतात. मधले सात-आठ महिने फुगवट्यातला जुना काठ पाण्यात. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडलं जात आलं, ते पंढरपूरवरून औज बंधाऱ्यापर्यंत जातं. कोरडं पात्र एका दिवसात भरतं, मग पुन्हा उतरतं. काठावर घरटं असेल तर ते त्या एका लोंढ्यात गेलं. तहानलेल्या शहराला पाणी देऊ नका असं कोणी म्हणणार नाही. पण पाणी एकदम सोडायचं की चार-पाच दिवसांत हळूहळू चढवायचं आणि तितकंच हळूहळू उतरवायचं, याचा निर्णय पाटबंधारे खात्याच्या हातात असतो. पाणी हळूहळू चढलं तर घरटं वाचेल असं नाही; पण रोज थोडी थोडी वाढणारी पातळी पाहून मादी वरच्या उंचीवर जागा शोधू शकते आणि घरट्यावर लक्ष ठेवणाऱ्याला ते हलवायला वेळ मिळतो.

घरटं हलवणं शेवटचा उपाय, आणि त्यातच उत्साही मंडळींकडून सगळ्यात मोठी चूक होते. अंडं घातल्यावर साधारण दिवसभरात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूच्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो पापुद्रा फाटतो आणि गर्भ मरतो. बाहेरून अंडं जसंच्या तसं दिसतं, म्हणून कळतही नाही. हलवायचंच असेल तर वाळू हातानं काढायची, अंड्याच्या वरच्या टोकाला मऊ पेन्सिलीनं खूण करायची, खूण वरच राहील असं एकेक अंडं ओलसर वाळूच्या डब्यात ठेवायचं. डबा मोटारसायकलवरून आणायचा नाही, चालत आणायचा. नव्या जागी मूळ खड्ड्याइतकीच खोली, त्याच काठाची वाळू, आणि पुराच्या खुणेपेक्षा वर. कुंपणाची जाळी जमिनीखाली वीतभर पुरायची, नाहीतर मुंगूस खालून येतं. आणि पिल्लं कुंडात वर्षभर पोसून ‘मोठी करून’ सोडायचा मोह टाळायचा. बहुतेक कासवांत नर-मादी ठरतं ते वाळूच्या तापमानावर, आणि त्यामुळे घरटं हलवलं की ते गणितही बदलतं. मऊ पाठीच्या कुळात आजवर तपासलेल्या जातींत ते गुणसूत्रांवर ठरतं असं दिसलंय, त्यामुळे तेवढी एक काळजी इथे कमी.

जप्त केलेल्या कासवांचंही असंच. छाप्यात कासवं सापडतात, संध्याकाळी जवळच्या तलावात सोडली जातात, दुसऱ्या दिवशी बातमी येते. मऊ पाठीची कासवं एका पोत्यात कोंबली की एकमेकांना चावतात. ओरखड्यांत बुरशी धरते. वाहतूक करताना प्रत्येक वेगळ्या टबात, खाली ओलं गोणपाट, पाणी अंगठाभर, सावलीत. जखमा भरेपर्यंत वेगळं ठेवायचं, गळासाठी एक्स-रे घ्यायचा, आणि सोडायचं ते ज्या खोऱ्यातून आलं त्याच खोऱ्यात. गोदावरीचं कासव पुण्याच्या तलावात सोडणं ही सुटका नव्हे. घरात पाळून कंटाळा आलेली लाल कानांची परदेशी कासवं नदीत सोडणाऱ्यांबद्दल काय बोलावं. ती तर खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा दोन्ही बळकावतात.

शहरांचा वाटाही सांगायला हवा. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या पट्ट्यावर नदीकाठ विकासाचा प्रकल्प चालू आहे. त्या पाण्याची आजची अवस्था पाहता लीथचं कासव तिथे लगेच परतेल अशी आशा कोणी धरू नये. पण दगडी पिचिंगचा एकसारखा उतार आणि वर फरसबंदी असा काठ एकदा झाला की पाणी सुधारलं तरी त्याला वर यायला वाट नाही, आणि हाच नमुना आता लहान शहरंही गिरवू लागली आहेत. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे वाळू-गाळ आपोआप साठतो, तिथे पन्नास-शंभर मीटरचा कच्चा, सपाट उतार मोकळा सोडा, त्यावर दिवे लावू नका. आराखड्यात एवढी सुधारणा परवडणार नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

वाळूच्या बाजूनं एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही: घरकुलांना वाळू लागते, गावात काम मिळतं, सगळे काठ राखले तर बांधकाम थांबेल. पण सगळे काठ राखा असं म्हणणं नाही. वळणांवरचे मोजके काठ, त्यांच्या शेजारचे खोल डोह, एवढंच. दोन्ही एकमेकांना लागून हवेत, कारण मोठं कासव डोहात राहतं आणि काठावर येतं. काठ राखून डोह खणला तर उपयोग नाही. २०२५ मध्ये राज्यानं कृत्रिम वाळूचं धोरणही आणलंय, तेव्हा तो पन्नास मीटरचा तुकडा वगळला म्हणून कुणाचं घर अडणार नाही.

आणि वगळायची जागा कायद्यानं आधीच दिलेली आहे. केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेनुसार वाळूउपशाआधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो. त्याचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि जिल्हाधिकारी कचेरीत २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी ठेवावा लागतो. कासवासाठी काम करणाऱ्यांनी पिल्लं सोडण्याच्या कार्यक्रमाला जेवढी माणसं जमवली त्याच्या निम्मी जरी या २१ दिवसांत जमवली तर जास्त काम होईल. हरकत मोघम असेल तर ती फेकली जाते. गट नंबर, अक्षांश-रेखांश, काठाची लांबी-रुंदी, फोटो, आणि घरटं किंवा कासव दिसल्याची तारीख असेल तर अधिकाऱ्याला तिचं काहीतरी करावं लागतं.

डोह राखणं आपल्याला नवं नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडला देवीच्या डोहातल्या महसीर माशांना कोणी जाळं लावत नाही. तिथे ना वनरक्षक लागला ना अनुसूची. आसामात हाजोच्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यासारख्या ठिकाणी काळी मऊ पाठीची कासवं, म्हणजे लीथच्या कासवाची सख्खी चुलत जात, भाविकांच्या भरवण्यावर टिकून राहिली. २००२ मध्ये ती निसर्गातून नष्ट झाल्याचं जाहीर झालं होतं, पुढे ती नदी-पाणथळींतही सापडली. आणि कायद्याचं बळ हवं असेल तर आंबोलीचा दाखला आहे. २०२१ मध्ये हिरण्यकेशीच्या उगमाजवळचं जेमतेम २.११ हेक्टर क्षेत्र, तिथल्या एका छोट्या माशासाठी, जैविक वारसा स्थळ झालं. भीमेवरचा किंवा गोदावरीवरचा एक डोह आणि त्याला लागून असलेला काठ मिळूनही फार तर एवढाच भरेल. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर जवळजवळ सगळीकडे आहे. ठराव तिनं करायचा.

काठ कुठला, हे शोधायला अभ्यासक लागतीलच, पण आधी विचारायचं ते पात्रात कलिंगडं आणि काकड्या लावणाऱ्यांना, मेंढरं पाण्यावर आणणाऱ्यांना आणि पहाटे जाळं काढणाऱ्यांना. आळं खणताना गोल पांढरी अंडी कुठे लागली, मोठं चपटं कासव उन्हाला कुठे बसतं, पाणी सोडलं की कुठला काठ सगळ्यात शेवटी बुडतो: हे तीन प्रश्न, आणि उत्तराशेजारी जागा आणि महिना लिहायचा. शंभर पानी वही पुरते. ती अहवालाच्या त्या एकवीस दिवसांत कचेरीत पोचली पाहिजे; लिलावाची जाहिरात निघाल्यावर पोचली तर तोवर हायवाच्या चौदा खेपा झालेल्या असतात.